‘वन-हिट वंडर’ नेमके कोणाला म्हणावे?

कोकणच्या किनाऱ्यावर ‘मी डोलकर डोलकर दर्याचा राजा’ हे गाणे ठाऊक नसलेला माणूस मिळणे अवघड आहे. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकर यांची आणि आवाज लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे. हळदीच्या रात्रीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत ते कुठेही वाजते आणि कुठेही उपरे वाटत नाही. परंतु हेमंतकुमारांनी मराठीत गायलेले दुसरे गाजलेले गाणे कोणते, असे विचारले, की उत्तर यायला जरा वेळ लागतो. मग या हिशेबाने हेमंतकुमार मराठीपुरते ‘वन-हिट वंडर’, म्हणजे एकाच गाण्यावर नाव झालेले कलाकार, ठरतात का? बंगालीत ज्यांचे रवींद्रसंगीत घरोघरी ऐकले गेले आणि हिंदीत ज्यांनी १९५४ च्या ‘नागिन’ला संगीत दिले, त्यांना ही पाटी लावलेली कोणालाच रुचणार नाही. मात्र ती का रुचत नाही, हे नेमकेपणाने सांगायला बसले, की या प्रश्नात किती गुंते आहेत ते एकेक करून समोर येऊ लागतात.

पॉप संगीताच्या गप्पांमध्ये हा शिक्का फार सहज मारला जातो. एखाद्या कलाकाराचे एक गाणे आपल्याला आठवते, दुसरे आठवत नाही, आणि आपण निकाल देऊन मोकळे होतो. परंतु आपली आठवण म्हणजे नोंद नव्हे. एखादा कलाकार एकाच गाण्याचा आहे असे म्हणताना आपण, बहुधा नकळत, चार गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: गाणे गाजले हे कोणत्या यादीवरून ठरवले, ती यादी कोणत्या देशाची किंवा भाषेची, किती काळाचा विचार केला, आणि ते यश कोणाच्या नावावर मांडले. यांतली एक गोष्ट बदलली, तरी तोच कलाकार या पाटीखालून बाहेर पडतो किंवा नव्याने तिच्याखाली येतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की ‘वन-हिट वंडर’ हा कलाकाराचा गुण किंवा दोष मुळीच नाही. ते एका विशिष्ट बाजारपेठेतल्या एका विशिष्ट काळाचे वर्णन आहे, आणि ती बाजारपेठ व तो काळ सांगितल्याशिवाय ते वर्णन अपुरे राहते.

याद्यांपासून सुरुवात करू, कारण ही कल्पनाच मुळी याद्यांमुळे जन्माला आली. ब्रिटनमध्ये १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने पहिली क्रमवारी छापली. त्यासाठी सुमारे वीस रेकॉर्ड-दुकानांना फोन करून विक्रीची विचारपूस केली होती आणि यादीत फक्त बारा क्रमांक होते. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाची ‘हॉट हंड्रेड’ ही शंभर गाण्यांची साप्ताहिक यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून सुरू झाली. तिच्यात रेकॉर्डची विक्री आणि रेडिओवर गाणे किती वाजले या दोन्हींचा मेळ घातलेला असे. रेडिओ केंद्रे मात्र शंभर गाणी वाजवत बसत नसत. पहिल्या चाळीस गाण्यांचा संच आलटूनपालटून वाजवण्याची पद्धत तिथे रूढ झाली. त्यामुळे पहिल्या चाळिसांत आलेले गाणे सामान्य श्रोत्याच्या कानी पडले आणि त्याखालचे राहिले, असा संकेत तयार झाला. वेन जॅन्सिक यांनी १९९० मध्ये अशा कलाकारांचा जो मोठा संदर्भग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही हीच कसोटी आहे: अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांत ज्याचे नाव एकदा आणि एकदाच आले, तो ‘वन-हिट वंडर’.

ब्रिटिश संदर्भग्रंथांनी याहून कडक नियम धरला. तिथे कलाकाराचे एक गाणे थेट पहिल्या क्रमांकावर जायला हवे आणि त्यानंतर किंवा त्याआधी त्याचे दुसरे कोणतेही गाणे यादीत कुठेही, अगदी पंचाहत्तराव्या क्रमांकावरसुद्धा, येता कामा नये. या दोन नियमांमधला फरक किनाऱ्यावरच्या माणसाला चटकन कळेल: जाळ्यात कोणती मासळी राहते आणि कोणती निसटते, हे समुद्राइतकेच जाळ्याच्या आसावरही, म्हणजे छिद्रांच्या आकारावरही, अवलंबून असते. अमेरिकी नियमात शेकडो नावे बसतात. ब्रिटिश नियम अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या दोन्ही याद्यांना एकाच वेळी लावला, तर जवळजवळ सगळी नावे गळून पडतात आणि नेब्रास्का राज्यातली झेगर आणि इव्हान्स ही जोडी ठळकपणे उरते. त्यांचे ‘इन द इयर २५२५’ हे गाणे १९६९ मध्ये अमेरिकेत सहा आठवडे आणि ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्यानंतर त्यांचे एकही गाणे दोन्हींपैकी कोणत्याही यादीत आले नाही. या शब्दाचा निर्विवाद अर्थ दाखवायचा असेल, तर हेच उदाहरण द्यावे. बाकी प्रत्येक नावाबरोबर एखादा ‘पण’ येतो.

सर्वांत मोठा ‘पण’ जिमी हेंड्रिक्स यांचा आहे. विसाव्या शतकातल्या गिटारवादकांत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, त्या हेंड्रिक्स यांचे अमेरिकेच्या पहिल्या चाळिसांत आलेले गाणे एकच: १९६८ मधले ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’, आणि तेही विसाव्या क्रमांकापर्यंतच. ‘ग्रेटफुल डेड’ हा वाद्यवृंद १९६५ मध्ये सुरू झाला, त्याच्या मैफलींमागे श्रोते गावोगाव फिरत राहिले, आणि तरी त्यांचे पहिल्या चाळिसांतले एकमेव गाणे आले ते १९८७ मध्ये, नवव्या क्रमांकावर. चाळिसांचा नियम अक्षरशः पाळला, तर हे दोघेही ‘वन-हिट वंडर’. जॅन्सिक यांचा नियम इथे चुकीचे उत्तर देतो असे मी म्हणेन, आणि त्याचे कारण नियम ढिला आहे हे नाही. सुट्या गाण्यांची यादी सुट्या गाण्यांचीच लोकप्रियता मोजते. ज्यांचा श्रोता पूर्ण अल्बम विकत घेत होता किंवा मैफलीचे तिकीट काढत होता, त्यांचे यश त्या यादीच्या नजरेबाहेर घडत होते.

यादीचे नियमसुद्धा स्थिर नसतात, आणि ही बाब थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे कलाकारांची कायमची नोंद बदलली. १९९८ च्या अखेरपर्यंत ‘हॉट हंड्रेड’मध्ये येण्यासाठी गाणे सुट्या रेकॉर्डच्या रूपाने दुकानात विकायला ठेवलेले असणे बंधनकारक होते. १९९० च्या दशकात कंपन्यांच्या लक्षात आले की लोकप्रिय गाणे सुटे विकलेच नाही, तर ज्याला ते हवे आहे तो ग्राहक त्याच्या अनेक पट किमतीचा पूर्ण अल्बम घेतो. म्हणून त्यांनी मोठी गाणी रेडिओला दिली, पण सुटी विकायला ठेवली नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या नॅटली इम्ब्रूलिया यांचे ‘टॉर्न’ हे गाणे १९९८ मध्ये अमेरिकेच्या रेडिओवर तब्बल अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि त्या संपूर्ण काळात ‘हॉट हंड्रेड’मध्ये त्याचे नावसुद्धा नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला आणि केवळ रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांनाही प्रवेश मिळाला, तोवर ‘टॉर्न’ची लाट ओसरली होती, ते बेचाळिसाव्या क्रमांकावर दाखल झाले आणि तिथूनच खाली गेले. स्वीडनच्या ‘कार्डिगन्स’चे ‘लवफूल’ तर त्याहून दुर्दैवी. रेडिओवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेले ते गाणे मुख्य यादीत कधी आलेच नाही. आता चाळिसांचा नियम लावून पाहा: अमेरिकेत ज्यांचे एक गाणे प्रत्येक मोटारीत वाजत होते, त्या इम्ब्रूलियांच्या खात्यावर शून्य गाजलेली गाणी आहेत. त्यांना ‘वन-हिट वंडर’ म्हणणाऱ्याला यादीचा आधार नाही आणि न म्हणणाऱ्याला त्या काळच्या श्रोत्याच्या अनुभवाचा आधार नाही.

यानंतर प्रदेशाचा प्रश्न. नॉर्वेच्या ‘आ-हा’चे ‘टेक ऑन मी’ १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि अमेरिकी श्रोते आजही त्यांना एकाच गाण्यासाठी ओळखतात. त्यांचे पुढचे गाणे अमेरिकेत विसाव्या क्रमांकापर्यंत आले होते, म्हणजे तिथल्याही नियमात ते बसत नाहीत. आणि ब्रिटनमध्ये तर तेच पुढचे गाणे १९८६ च्या आरंभी पहिल्या क्रमांकावर होते. ‘डेक्सीज मिडनाइट रनर्स’चे ‘कम ऑन आयलीन’ १९८३ मध्ये अमेरिकेत अव्वल ठरले आणि तिथे त्यांचे दुसरे काही चालले नाही, परंतु मायदेशी ब्रिटनमध्ये १९८० मध्येच त्यांचे एक गाणे पहिल्या क्रमांकावर जाऊन आले होते. ‘माकारेना’ हे गाणे १९९६ मध्ये अमेरिकेत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि ‘लॉस देल रिओ’ ही जोडी जगभर एका नाचापुरती उरली. वास्तविक सेव्हिलजवळच्या गावातले हे दोघे १९६२ पासून एकत्र गात होते आणि स्पेनमध्ये त्यांना तीन दशकांची कारकीर्द होती.

आपल्याकडे याचे सर्वांत बोलके उदाहरण रेश्मा यांचे आहे. सर्वसामान्य भारतीय श्रोत्यासाठी रेश्मा म्हणजे १९८३ च्या ‘हीरो’ चित्रपटातले ‘लंबी जुदाई’. सीमेपलीकडे पाकिस्तानात मात्र त्या रेडिओवरून घराघरांत पोचलेल्या थोर लोकगायिका होत्या आणि त्यांच्या गाण्यांची यादी लांबलचक आहे. इतकेच नव्हे, तर त्यांच्याच एका गाण्याच्या चालीवर ‘बॉबी’मधले ‘अखियों को रहने दे’ हे गाणे १९७३ मध्ये बांधले गेले, आणि लताबाईंच्या आवाजात ते आपण ऐकलेही. रेश्मा आपल्यापर्यंत ‘हीरो’च्या दहा वर्षे आधीच पोचल्या होत्या, फक्त त्यांचे नाव पोचले नव्हते.

हेमंतकुमारांचा प्रश्नही इथेच मार्गी लावता येतो. एक तर ‘डोलकर’खेरीज त्यांचे दुसरे गाजलेले मराठी गाणे आहेच: १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातले ‘गोमू संगतीनं माझ्या तू येशील काय’, आशा भोसले यांच्याबरोबरचे, शब्द सुधीर मोघे यांचे, आणि संगीत पुन्हा हृदयनाथ मंगेशकरांचेच. हे गाणे कोकणात सर्वांना पाठ आहे. त्यात हेमंतकुमार आहेत, एवढेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. परंतु हे दुसरे गाणे नसते, तरी माझे उत्तर बदलले नसते. जो कलाकार एखाद्या भाषेत पाहुणा म्हणून येतो, मोजकी गाणी गातो आणि आपल्या मूळ कामाकडे परत जातो, त्याने त्या भाषेत पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि तो फसला, असे झालेले नसते. किशोरकुमारांच्या बाबतीतही तेच. मराठी श्रोत्याला त्यांचे १९८७ च्या ‘गंमत जंमत’मधले ‘अश्विनी ये ना’ आधी आठवते, म्हणून त्यांना मराठीतले एका गाण्याचे गायक म्हणणे अर्थशून्य आहे. यश एकदाच मिळाले असे म्हणण्यासाठी यशाची मागणी एकाहून अधिक वेळा झालेली असावी लागते. ही अट रूढ व्याख्यांमध्ये नसते. ती असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आता सर्वांत अवघड भाग येतो: गाणे कोणाचे? १९६९ मध्ये ‘शुगर, शुगर’ हे गाणे ब्रिटनमध्ये आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. गाणारा वाद्यवृंद ‘आर्चीज’, आणि ब्रिटनच्या यादीत त्यांचे हे एकच गाणे. परंतु ‘आर्चीज’ नावाचा वाद्यवृंद अस्तित्वातच नव्हता. ती दूरचित्रवाणीवरच्या व्यंगपटातली पात्रे होती. आवाज होता रॉन डँटी यांचा, आणि त्याच वर्षी ‘कफ लिंक्स’ या दुसऱ्या नावाने आलेले, अमेरिकेत नवव्या क्रमांकावर पोचलेले ‘ट्रेसी’ हे गाणेही त्यांनीच गायले होते. ब्रिटनचे टोनी बरोज यांची गोष्ट तर विलक्षणच आहे. १९७० या एकाच वर्षी ‘एडिसन लाइटहाउस’, ‘व्हाइट प्लेन्स’, ‘ब्रदरहुड ऑफ मॅन’ आणि ‘पिपकिन्स’ या चार वेगवेगळ्या नावांनी आलेल्या गाजलेल्या गाण्यांत मुख्य गायकांपैकी एक तेच होते, आणि १९७४ मध्ये ‘फर्स्ट क्लास’ या पाचव्या नावानेही त्यांनी एक गाणे अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर नेले. यादी नावे मोजते, गळे मोजत नाही. म्हणून या नावांपैकी काहींवर एकाच गाण्याचा शिक्का बसला, आणि ज्या माणसाचा गळा त्या पाचही गाण्यांत होता, त्याला मात्र कोणी ओळखत नाही.

संगीतकाराचा आणि निर्मात्याचा विचार केला, तर चित्र आणखी पालटते. जमैकात जन्मलेले कार्ल डग्लस यांचे ‘कुंग फू फायटिंग’ १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत, दोन्हीकडे, पहिल्या क्रमांकावर गेले. त्यांचे पुढचे गाणे अमेरिकेत अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावर थांबले, त्यामुळे तिथल्या नियमाने ते ‘वन-हिट वंडर’ ठरतात. या गाण्याचे निर्माते होते बंगळूरमध्ये जन्मलेले बिड्डू, आणि रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी हवे म्हणून उरल्यासुरल्या वेळात त्यांनी ते ध्वनिमुद्रित केले होते. त्याच बिड्डूंनी १९८० मध्ये ‘कुर्बानी’साठी नाझिया हसन यांच्याकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतले आणि १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ केले. एकच गाणे, गायकाच्या खात्यावर मांडले तर एकमेव यश, निर्मात्याच्या खात्यावर मांडले तर वीस वर्षांच्या मालिकेतले पहिले पान.

हिंदी आणि मराठी गाण्यांच्या बाबतीत ही अडचण अपवाद राहत नाही, ती रोजचीच होते. आपल्याकडे क्रमवारीची सवय लावली ती ‘बिनाका गीतमाला’ने. आकाशवाणीने त्या वर्षी चित्रपटगीतांवर मर्यादा आणल्या होत्या आणि श्रोते ‘रेडिओ सिलोन’कडे वळत होते; त्याच वेळी, ३ डिसेंबर १९५२ रोजी, अमीन सायानींचा हा कार्यक्रम तिथून सुरू झाला. पुढे त्यात गाण्यांना ‘पायदान’ मिळू लागले; रेकॉर्डची विक्री, श्रोत्यांची पत्रे आणि गावोगावच्या श्रोता संघांची मते यांवरून ते ठरत असे. परंतु त्या पायदानावर उभे असे ते गाणे. ते एकाच वेळी चित्रपटाचे, संगीतकाराचे, गीतकाराचे, पार्श्वगायकाचे आणि पडद्यावर ओठ हलवणाऱ्या नटाचेही असे. पाश्चात्त्य यादीत गाण्यापुढे एक नाव असते आणि त्या नावाचे खाते वर्षानुवर्षे चालू राहते. आपल्याकडे असे एकेरी खातेच नव्हते. मराठीत आकाशवाणीवरच्या ‘आपली आवड’मध्ये पत्र पाठवणाऱ्यांची नावे वाचून गाणी लावली जात, पण ती फर्माईश होती, क्रमवारी नव्हती.

मग आपल्याकडे गाणे गाजले हे ओळखायचे कसे? कोकणापुरते बोलायचे, तर त्याचा एक पुरावा मला कोणत्याही यादीइतकाच भरवशाचा वाटतो. गणपतीच्या दिवसांत रत्नागिरी जिल्ह्याच्या वाड्यावाड्यांत जाखडी नाचली जाते. मधोमध ढोलकी, झांज घेऊन गाणारे बसतात आणि पायांत चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचे सवाल-जबाब रात्रभर चालतात. शाहिराच्या हातात जी वही असते, तिच्यात प्रत्येक गीताच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे एखाद्या प्रचलित गाण्याचा मुखडा लिहिलेला असतो, आणि खाली पुराणातल्या प्रसंगावर, गावच्या रस्त्यावर किंवा मुंबईहून आलेल्या चाकरमान्यावर रचलेले नवे शब्द. सिंधुदुर्गात डबलबारी भजनाचे, म्हणजे दोन बुवांच्या चढाओढीच्या भजनाचे, बुवाही गजर रंगवताना ओळखीच्या चालींचा असाच उपयोग करतात. ज्या गाण्याची चाल श्रोत्यांना आधीच पाठ आहे, त्यावरच नवे शब्द बसवता येतात. म्हणून एखादा मुखडा वहीच्या माथ्यावर आला, याचा अर्थ त्या पंचक्रोशीत ते गाणे पूर्णपणे मुरले आहे. त्या माथ्यावर मुखडा असतो, गायकाचे नाव नसते. गाणे गाजले आणि गायक गाजला या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्या एका ओळीवरून जितके स्पष्ट दिसते, तितके शंभर क्रमांकांच्या छापील यादीवरूनही दिसत नाही.

गायकाचे नाव लोकांच्या मनात आहे की नाही, याची कसोटी वेगळी आहे आणि तीही लोक आपोआप वापरतात. मालवणी मुलखात एखाद्या नव्या गायकाचे कौतुक सुरू झाले, की कोणीतरी विचारतोच: ‘ह्येंचां दुसरां गाणां खंयचां?’ हा प्रश्न यादीतल्या क्रमांकाहून अधिक काही विचारतो. या माणसाला ऐकण्यासाठी मी पुन्हा येईन का, असा त्याचा रोख असतो. मात्र या कसोटीचीही मर्यादा ओळखायला हवी, कारण लोकांची स्मृती आकड्यांशी प्रामाणिक नसते. व्हॅनिला आइस या रॅपरचे ‘आइस आइस बेबी’ १९९० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि पुढचे गाणे चौथ्या क्रमांकावर. चौथा क्रमांक म्हणजे भलतेच मोठे यश. तरीही जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय चर्चेत त्याचे नाव एका गाण्याच्या कलाकारांत घेतले जाते. कोरियाचे साय यांचे ‘गंगनम स्टाइल’ २०१२ मध्ये अमेरिकेत सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहिला गेलेला तो पहिला व्हिडिओ ठरला. त्यांचे २०१३ चे गाणे पाचव्या क्रमांकावर गेले होते, हे आज किती जणांना आठवते? मायदेशात तर ते त्याआधी दशकभर प्रसिद्ध होते. पहिल्या गाण्याचे यश इतके प्रचंड असते, की दुसरे गाणे, एरवी ज्याच्यावर एखाद्याची कारकीर्द उभी राहिली असती असे, त्याच्या शेजारी दिसेनासे होते. अशा कलाकारांना वेगळ्या गटात ठेवावे, असे मला वाटते: यादीत दोन, स्मरणात एक.

काळाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो तुलनेने सरळ आहे. केट बुश यांना ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पहिला क्रमांक मिळाला आणि तिथे त्यांची गाणी पुढे सतत गाजत राहिली. अमेरिकेत मात्र पहिल्या चाळिसांत त्यांचे १९८५ चे ‘रनिंग अप दॅट हिल’ एवढेच आले, तिसाव्या क्रमांकावर. २०२२ मध्ये एका मालिकेत ते पुन्हा वाजले आणि अमेरिकेत तिसऱ्या, तर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. सदतीस वर्षांच्या अंतराने दोनदा गाजलेले गाणे, आणि अमेरिकी हिशेबाने तरीही एकच. म्हणून हयात आणि कार्यरत कलाकाराविषयी हा निकाल कधीच अंतिम नसतो, आणि नव्याने गाजलेल्या कलाकाराविषयी तर तो दोन-चार वर्षांत देऊच नये.

इंटरनेटवरून गाणी ऐकण्याच्या काळात जुने उंबरठे आणखी डळमळीत झाले आहेत. ‘बिलबोर्ड’ने फेब्रुवारी २०१३ पासून यूट्यूबवरचे प्रेक्षकही मोजायला सुरुवात केली. आता एखाद्या मोठ्या कलाकाराचा अल्बम आला, की त्यातली सगळीच्या सगळी गाणी त्याच आठवड्यात यादीत शिरतात. जुलै २०१८ मध्ये ड्रेक यांची सत्तावीस गाणी एकाच वेळी ‘हॉट हंड्रेड’मध्ये होती. त्यामुळे यादीत दुसरे गाणे येणे ही मोठा चाहतावर्ग असलेल्यांसाठी किरकोळ बाब झाली आहे. दुसऱ्या टोकाला एखाद्या गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा रीलमधून लाखो लोकांपर्यंत जातो, हळदीत त्यावर नाच होतो, आणि नाचणाऱ्यांपैकी कोणालाही ते कोणी गायले आहे हे माहीत नसते, कधीकधी पूर्ण गाणे कसे आहे हेही माहीत नसते. अशा तुकड्याच्या गायकाला ‘वन-हिट वंडर’ म्हणणे म्हणजे त्याला जी ओळख मिळालीच नाही, ती गमावल्याचा ठपका त्याच्यावर ठेवणे आहे. हे मला अन्यायाचे वाटते.

तेव्हा व्यवहारात वापरायचा नियम मी असा मांडेन. आधी प्रदेश आणि भाषा सांगावी, म्हणजे ‘अमेरिकेत’, ‘मराठीत’ किंवा ‘भारतात’ या शब्दाशिवाय वाक्य सुरूच करू नये. त्या बाजारपेठेत कलाकाराने स्वतःच्या नावाने एकाहून अधिक गाणी श्रोत्यांसमोर ठेवलेली असावीत. पाहुणा, एका चित्रपटापुरता आलेला नट किंवा केवळ ध्वनिमुद्रणासाठी बनवलेले नाव यांना ही पाटी लावू नये. एक गाणे संगीताचा खास शौक नसलेल्या माणसालाही ठाऊक असावे आणि दुसरे फक्त जाणकारालाच आठवावे. दोन गाण्यांमधली ही दरी पहिल्या गाण्याच्या उंचीपेक्षाही महत्त्वाची आहे. ज्याचे यश अल्बम, मैफल, नाटक किंवा भजनाच्या बारीसारख्या वेगळ्या ठिकाणी मोजले जाते, त्याला सुट्या गाण्यांच्या यादीत शोधू नये. आणि त्या गाण्यानंतर किमान दहा वर्षे गेलेली असावीत. दहा हा आकडा मी निवडलेला आहे. कोणी पंधरा धरले तर माझी हरकत नाही, एक धरले तर आहे.

या नियमाने झेगर आणि इव्हान्स आत राहतात, कार्ल डग्लस अमेरिकेपुरते आत येतात, हेंड्रिक्स, ‘ग्रेटफुल डेड’ आणि रेश्मा बाहेर पडतात, आणि इम्ब्रूलिया यादीत शून्य असूनही अमेरिकेपुरत्या आत येतात. शेवटचे नाव वादग्रस्त राहील हे मला मान्य आहे. अकरा आठवडे रेडिओवर अग्रस्थानी असलेल्या गाण्याला गाजलेले न म्हणणारी यादी मी श्रोत्यांपेक्षा वरचढ मानू शकत नाही.

मराठी गाण्यांसाठी मात्र हा नियम लावण्याआधी एक मूलभूत उणीव भरून काढावी लागेल. ‘बिलबोर्ड’ने फेब्रुवारी २०२२ पासून भारतासाठी साप्ताहिक यादी सुरू केली, परंतु तिच्यात देशभर ऐकली जाणारी सर्व भाषांतली गाणी एकाच रांगेत उभी असतात, आणि पंजाबी-हिंदीच्या श्रोतृसंख्येपुढे मुंबईच्या एखाद्या कोळीवाड्यातून निघून दोन हंगाम संपूर्ण किनारा नाचवणारे कोळीगीत तिथे दिसण्याची शक्यता थोडी. अशा गाण्याची नोंद ठेवायची, तर ती बेंजो पार्टीच्या आणि ब्रासबँडच्या फर्माईशींतून, जाखडीच्या वह्यांतून, लग्नाच्या वराती नेणाऱ्या ध्वनिक्षेपकवाल्यांच्या संचांतून करावी लागेल. त्या नोंदीत मुखड्याबरोबर गायक, गीतकार आणि चाल लावणारा या तिघांचीही नावे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी लागतील, आणि पारंपरिक गीत असेल तर तसे स्पष्ट नमूद करावे लागेल, कारण किनाऱ्यावरची कित्येक गाणी कोणा एकाची नाहीतच. वह्या आजही शाहिरांच्या घरांत आहेत. त्यांच्या माथ्यावरच्या ओळी वर्षांनुसार उतरवून काढणे हे एखाद्या गावच्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागाला एका पावसाळ्यात हाती घेता येण्याजोगे काम आहे.